दोनशे सदतीस दिवसांचे यजमान : साल्युत-७, १९८४
#थ्रेड #इतिहास

१/
नवी दिल्लीतील नेहरू तारांगणात एक जळकट, काळपटलेली कुपी ठेवली आहे. शेजारी राकेश शर्मा यांचा अंतराळपोशाख आहे. ती पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी असते, की शर्मा याच यानातून अंतराळात गेले. ते तिच्यातून गेले नव्हते, परतले होते. ही कुपी वर नेली ती दुसऱ्याच तिघांनी आणि तिच्यातून खाली उतरणे त्यांच्या नशिबी नव्हते. हा थ्रेड त्या तिघांविषयी आहे.

२/
लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी बैकानूरहून 'सोयुझ टी-१०' यानातून ते निघाले आणि २ ऑक्टोबर १९८४ रोजी पृथ्वीवर परतले. म्हणजे सुमारे २३७ दिवस. तोपर्यंत एवढा दीर्घ काळ एकही माणूस सलग अंतराळात राहिला नव्हता. आधीचा विक्रम २११ दिवसांचा होता आणि तो याच स्थानकावर बेरेझोवोय आणि लेबेदेव यांनी १९८२ साली केला होता. भारताच्या पाठ्यपुस्तकांत अजरामर झालेले आठ दिवस या २३७ दिवसांच्या पोटात बसतात. एकूण मुक्कामाचा जेमतेम तिसावा भाग.

३/
ज्या घरात ते राहिले त्याचे नाव साल्युत-७. १९ एप्रिल १९८२ रोजी कक्षेत सोडलेले, सुमारे १६ मीटर लांब, सर्वांत रुंद ठिकाणी ४.१५ मीटर व्यासाचे, जवळपास १९ टन वजनाचे नळकांडे. आतील जागा सुमारे ९० घनमीटर.

घनमीटरात सांगितले, की आकार डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तो नागपूरच्या लकडगंजातील मापाने सांगून पाहू. पूर्व नागपुरातील या बाजाराच्या नावातच लाकूड आहे. विदर्भाच्या जंगलातील सागवान येथे आरा मशीनवर चिरले जाते आणि घनफुटांवर विकले जाते. त्या हिशेबाने साल्युतची आतली जागा होते सुमारे ३,२०० घनफूट. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या तीन खोल्या. त्यांतही भिंती, छत आणि जमीन उपकरणांनी भरलेली. लकडगंजातल्या एखाद्या मध्यम गोदामात असे स्थानक सहज मावेल. त्यात तीन माणसे, आठ महिने. पाहुणे आले, की सहा.

४/
मुळात इतका काळ वर राहायचे कशासाठी? चंद्राची शर्यत हरल्यावर सोव्हिएत संघाने आपली शक्ती कक्षेतील स्थानकांकडे वळवली. साल्युत-१ हे जगातील पहिले अंतराळस्थानक १९७१ साली वर गेले. त्यावर २३ दिवस राहून परतणारे तीन अंतराळवीर ३० जून १९७१ रोजी यानातील हवा निसटल्याने मरण पावले. या घटनेनंतर बराच काळ कार्यक्रम अडखळत राहिला.

खरे वळण आले १९७७ मध्ये, साल्युत-६ बरोबर. या स्थानकाला एकाऐवजी दोन दारे होती, म्हणजेच यान जोडण्याची दोन ठिकाणे. बदल वरकरणी किरकोळ वाटतो. पण एक दार अंतराळवीरांच्या यानाने अडवलेले असले, तरी दुसऱ्या दाराने माल आणि पाहुणे आत येऊ शकत होते. १९७८ पासून 'प्रोग्रेस' ही मानवरहित मालवाहू याने अन्न, पाणी, इंधन आणि टपाल घेऊन जाऊ लागली. मुक्काम आठवड्यांवरून महिन्यांवर गेला तो या दुसऱ्या दारामुळे.

५/
मात्र एक अडचण उरली. ज्या सोयुझ यानातून अंतराळवीर वर जात, ते यानच संकटकाळी परत येण्याचे त्यांचे एकमेव साधन असे. स्थानकाला जोडलेले यान अवकाशात पडून राहिले, की त्याची इंधनप्रणाली झिजते. त्याला मुदत असते. मग आठ महिने राहणाऱ्यांनी काय करायचे?

उपाय साधा होता. मधल्या काळात पाहुण्यांना नव्या यानातून पाठवायचे आणि परतताना त्यांना जुन्या यानातून खाली आणायचे. ताजे यान यजमानांसाठी वर राहते. १९७८ पासून 'इंटरकॉसमॉस' कार्यक्रमाखाली चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, व्हिएतनाम, क्यूबा अशा मित्रराष्ट्रांचे अंतराळवीर साल्युतवर जाऊ लागले. त्याकडे शीतयुद्धातील मैत्रीचा देखावा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. देखावा होताच. पण त्या मैत्रीच्या फेरीत अनेकदा यानाची अदलाबदलही उरकली जाई. पाहुण्यांसाठी रिकामी राहणारी जागा कोणाला द्यायची, एवढाच राजकीय प्रश्न होता.

६/
१९८३ चा सप्टेंबर महिना साल्युत-७ साठी फार वाईट गेला.

९ सप्टेंबरला इंधन भरताना स्थानकाच्या मागील भागातील एक नळी फुटली आणि ऑक्सिडायझर अवकाशात गळून गेला. स्थानकाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांपैकी मोठा हिस्सा त्यामुळे निकामी झाला. त्या वेळी आत ल्याखोव आणि अलेक्सांद्रोव हे दोघे होते.

२६ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्या जागी जाण्यासाठी व्लादिमिर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव बैकानूरच्या तळावर अग्निबाणाच्या टोकावर बसले होते. उड्डाणाला दीड मिनिट उरले असताना खाली आग लागली. आगीने तारा जळाल्या, त्यामुळे आत बसलेल्यांना नेमके काय चालले आहे हे कळेना. नियंत्रकांनी रेडिओ आज्ञेने सुटकेचा छोटा अग्निबाण पेटवला. त्याने कुपी खेचून बाजूला नेली आणि काही सेकंदांतच तळावर प्रचंड स्फोट झाला. दोघे सुमारे चार किलोमीटरवर जिवंत उतरले. तळावर पेटलेल्या अग्निबाणावरून माणसे अशी वाचण्याची जगातील ही पहिली वेळ.

७/
स्त्रेकालोव हे नाव लक्षात ठेवावे. एप्रिल १९८३ मध्ये ते साल्युत-७ कडे निघाले होते, पण यान स्थानकाला जोडता आले नाही. सप्टेंबरमध्ये त्यांचे यान जमिनीवरूनच सुटले नाही. तिसऱ्यांदा ते निघाले तेव्हा शेजारच्या आसनावर राकेश शर्मा होते. तेही ऐनवेळी. त्या जागी मुळात निकोलाय रुकाविश्निकोव जाणार होते. ते आजारी पडले.

आणि जी मोहीम सप्टेंबरात जळून गेली, तिला 'सोयुझ टी-१०' हा क्रमांक मिळणार होता. तो पुढच्या यानाला देण्यात आला. दिल्लीच्या तारांगणातील कुपी हा क्रमांक वागवते.

८/
अशा स्थितीत किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव यांना वर पाठवण्यात आले. ल्याखोव आणि अलेक्सांद्रोव नोव्हेंबरातच परतले होते. स्थानक अडीच महिने रिकामे आणि अंधारात फिरत होते. ९ फेब्रुवारीला यान जोडले गेले आणि तिघे हातात विजेऱ्या घेऊन आत शिरले. आत जळक्या धातूचा वास येत होता. बंद पडलेल्या वाड्यात पाऊल टाकावे तसे ते दृश्य असावे. पुढचे दिवस एकेक यंत्रणा जागी करण्यात गेले.

किझिम हवाई दलातील वैमानिक, सोलोव्योव अभियंता. ते मुख्यतः दुरुस्तीसाठी निवडले गेले होते. आत्कोव मात्र हृदयरोगतज्ज्ञ होते. दीर्घ मुक्कामावर डॉक्टरलाच सोबत पाठवण्याची सोव्हिएत स्थानकांवरील ही पहिलीच वेळ.

९/
डॉक्टर कशासाठी, हे समजून घ्यायचे तर वजनरहित अवस्थेत शरीराचे काय होते ते पाहावे लागते. पहिल्याच दिवसांत रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, नाक चोंदते, पाय बारीक होतात. शरीराला वाटते, की आपल्यात पाणी जास्त झाले आहे, म्हणून ते पाणी टाकून देते. उभे राहण्यासाठी लागणारे स्नायू बिनकामाचे होऊन झिजू लागतात. हाडांतील कॅल्शियम कमी होते. हृदयाला रक्त वर चढवण्याचे कष्ट उरत नाहीत, म्हणून तेही आळसावते.

वर असेपर्यंत यातले काहीच जाचत नाही. वसुली होते ती परतल्यावर.

म्हणून रोज काही तास व्यायाम. धावण्याचा पट्टा, सायकल आणि अंगातील रबरी ताणांमुळे प्रत्येक हालचालीला विरोध करणारा पोशाख. परतण्याआधी 'चिबीस' नावाची विजार, जी कमरेखालचा हवेचा दाब कमी करून रक्त पायांकडे ओढते. आत्कोव सोबत्यांच्या हृदयाचे अल्ट्रासाउंड चित्रण करीत आणि स्वतःचेही. आठ महिने दोन रुग्ण आणि तिसरा आपणच, असा दवाखाना दुसऱ्या कोणत्या डॉक्टरने चालवला असेल?

१०/
आता पाहुण्यांकडे वळू. भारताच्या हवाई दलातील राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांची निवड १९८२ मध्ये झाली. मॉस्कोजवळच्या तारानगरीत त्यांचे प्रशिक्षण झाले आणि त्यासाठी आधी रशियन भाषा शिकावी लागली. शर्मा मुख्य चमूत, मल्होत्रा राखीव चमूत. राखीव चमूचे नेतृत्व बेरेझोवोय यांच्याकडे होते, म्हणजे ज्यांचा २११ दिवसांचा विक्रम वरचे तिघे मोडू पाहत होते, त्यांच्याकडेच.

३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी सोयुझ टी-११ सुटले. आत युरी मालिशेव, स्त्रेकालोव आणि शर्मा. ४ एप्रिलला यान साल्युतच्या मागच्या दाराला जोडले गेले.

११/
त्यानंतरचा आठवडा भारतीयांना पाठ आहे. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले पदार्थ, वजनरहित अवस्थेतील योगासनांचा प्रयोग, हृदयाच्या चाचण्या, धातुविज्ञानाचे प्रयोग. इंदिरा गांधींशी दूरचित्रवाणीवर झालेला संवाद. वरून भारत कसा दिसतो, या त्यांच्या प्रश्नाला शर्मा यांनी इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी'तील ओळीने दिलेले उत्तर.

त्या उत्तरामागचे काम मात्र फारसे आठवले जात नाही. 'टेरा' नावाच्या प्रयोगात साल्युतवरील कॅमेऱ्यांनी भारतीय भूमीची छायाचित्रे घेतली गेली. त्यांतील एमकेएफ-६एम हा पूर्व जर्मनीतील येना येथे बनलेला कॅमेरा एकाच दृश्याची सहा वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत छायाचित्रे घेई. जंगल कोठे दाट आहे, कोठे विरळ झाले आहे, हे अशा चित्रांतून कळते. शर्मा यांनी इंदिराजींना दिलेले उत्तर भावनेचे होते. त्या आठवड्यातले त्यांचे बरेचसे पाहणे हिशेबाचे होते.

१२/
त्याच दिवसांत आणखी एक योग जुळून आला. ६ एप्रिलला अमेरिकेचे 'चॅलेंजर' पाच जणांना घेऊन वर गेले. बिघडलेला 'सोलर मॅक्स' उपग्रह कक्षेतच पकडून दुरुस्त करण्याची ती मोहीम. साल्युतवर सहा आणि चॅलेंजरवर पाच, म्हणजे एकाच वेळी अकरा माणसे अंतराळात. तोवरचा हा उच्चांक होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही बाजूंच्या चमूंपुढे सारखेच काम होते : वर गेलेली वस्तू फेकून न देता वरच दुरुस्त करायची.

१३/
११ एप्रिलच्या आधी एक छोटे काम पार पडले. वर्णनांत ते एका ओळीत संपते, पण या साऱ्या कथेचे मर्म तेथे आहे. सोयुझमधील प्रत्येक आसनाचे अस्तर त्या-त्या अंतराळवीराच्या शरीराच्या साच्यावरून बनवलेले असते. जमिनीवर आदळण्याचा धक्का पाठीला सोसावा म्हणून. पाहुण्यांनी आपली अस्तरे नव्या टी-११ मधून काढून जुन्या टी-१० मध्ये बसवली. यजमानांची अस्तरे टी-११ मध्ये गेली.

मालिशेव, स्त्रेकालोव आणि शर्मा टी-१० मधून कझाकस्तानच्या गवताळ पठारावर उतरले. टी-११ वर राहिले. दोनच दिवसांनी, १३ एप्रिलला, यजमानांनी त्यात बसून ते मागच्या दाराहून सोडवले आणि पुढच्या दाराला आणून जोडले. मागचे दार मालवाहू यानासाठी मोकळे हवे होते. १५ एप्रिलला प्रोग्रेस-२० निघाले. त्यात दुरुस्तीची हत्यारे होती.

पाहुणे गेले आणि लगोलग घरातली खरी कामे सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

१४/
फुटलेली नळी स्थानकाच्या अगदी मागच्या टोकाला, इंजिनांच्या कप्प्यात होती. अंतराळवीर बाहेर पडत ते पुढच्या टोकाने. म्हणजे १६ मीटरचा प्रवास बाहेरच्या कवचावर हातांनी धरत, हत्यारांची पेटी ओढत. शिवाय तो कप्पा कक्षेत कधी उघडावा लागेल, या विचाराने बनवलेलाच नव्हता. त्यावर उष्णतारोधक आवरण होते. ते कापून आत शिरायचे होते.

२३ एप्रिलला किझिम आणि सोलोव्योव पहिल्यांदा बाहेर पडले. सव्वाचार तास. त्या दिवशी नुसती शिडी आणि हत्यारे जागेवर नेऊन ठेवली. २६ एप्रिलला आवरण कापून सुमारे पाच तास काम. २९ एप्रिलला फुटक्या भागाला वळसा घालणारी पर्यायी नळी बसवली. ४ मे रोजी दुसरी.

१५/
अंतराळपोशाखातील हातमोजे हवेने फुगलेले असतात. मूठ वळणे म्हणजे टणक चेंडू दाबणे. एखादा नट फिरवायचा, तर आधी पाय कोठेतरी अडकवावे लागतात. नाहीतर नट जागेवर राहतो आणि माणूसच फिरतो. दर दीड तासाला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते, म्हणजे त्यातला सुमारे निम्मा वेळ अंधार. जमिनीशी बोलणे होई ते स्थानक सोव्हिएत भूमीवरून किंवा समुद्रातील संपर्कनौकांच्या टप्प्यातून जात असेल तेव्हाच. अशा अवस्थेत नळीचे जोडकाम. कोणत्याही कारखान्यातील जोडाऱ्याने याला वेडेपणा म्हटले असते.

चौथ्या वेळेनंतर गळती नेमकी कोठे आहे ते कळले, पण ती बंद करायला लागणारे हत्यार जवळ नव्हते. नळी चिमटून कायमची बंद करणारा दाबयंत्राचा चिमटा जमिनीवर बनवून पाठवावा लागणार होता. त्यासाठी तीन महिने थांबणे आले.

१६/
मधल्या काळात, १८ मे रोजी, ते पाचव्यांदा बाहेर पडले आणि त्यांनी सौरपंखाला जोडपंख लावले. स्थानकाची वीज वाढली.

जुलैत पुन्हा पाहुणे आले : जानिबेकोव, स्वेतलाना साविट्स्काया आणि इगोर वोल्क. २५ जुलैला साविट्स्काया स्थानकाबाहेर पडल्या. अंतराळात यानाबाहेर काम करणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री. त्यांनी धातू कापणे, जोडणे आणि त्यावर मुलामा देणे हे सारे एका हातयंत्राने करून दाखवले. याच चमूने तो दाबयंत्राचा चिमटा आणला होता. हे पाहुणे आपल्याच यानातून परतले. अदलाबदल झाली नाही. म्हणून शर्मा ज्यातून आले होते ते टी-११ यजमानांसाठी जागेवरच राहिले.

८ ऑगस्टला किझिम आणि सोलोव्योव सहाव्यांदा बाहेर गेले. पाच तास. नळी चिमटली गेली आणि गळती थांबली. सहा फेऱ्यांत मिळून ते सुमारे २३ तास बाहेर होते.

१७/
या आठ महिन्यांत पाच मालवाहू याने आली. त्यांतला माल उतरवायचा आणि रिकाम्या जागेत घरातला कचरा भरायचा. यान सुटून वातावरणात जळून जाई. स्थानकातल्या हवेतील बाष्प थंड करून त्याचे पाणी पुन्हा वापरले जाई, म्हणजे तिघांच्या श्वासाचे आणि घामाचेच पाणी. आंघोळ म्हणजे एक दुमडता कप्पा. तो उभारणे, वापरणे आणि थेंबन्‌थेंब शोषून घेणे यात दिवसाचा मोठा भाग जाई, त्यामुळे तो सोहळा क्वचितच होई. विक्रमांच्या नोंदीत ही घरकामे येत नाहीत. पण २३७ दिवसांतला बराचसा काळ दुरुस्ती आणि घरकाम यांतच गेला. या अर्थाने साल्युत ही प्रयोगशाळा कमी आणि संसार अधिक होता.

१८/
२ ऑक्टोबर १९८४. किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव टी-११ मध्ये बसून उतरले. एप्रिलमध्ये एका भारतीयाला घेऊन गेलेले यान १८२ दिवसांनी त्यांना घेऊन परत आले. त्यांना कुपीतून उचलून बाहेर काढावे लागले. आठ महिने ज्याची सवय सुटली होती ते वजन परत आले होते आणि पुन्हा नीट चालायला शिकावे लागणार होते.

त्यानंतर महिनाभरातच, ३१ ऑक्टोबरला, दिल्लीत इंदिरा गांधींची हत्या झाली. तो प्रश्न विचारणारा आवाज थांबला आणि पुढे त्या संवादाच्या प्रत्येक स्मरणाला शोकाची किनार लागली. भारतीय स्मृतीत ती मोहीम त्या एका प्रश्नोत्तरात गोठून गेली, यामागे हेही एक कारण असावे.

१९/
स्थानकाचे पुढे काय झाले? फेब्रुवारी १९८५ मध्ये रिकामे असताना त्याचा संपर्क तुटला. वीज गेली, आतले पाणी गोठले. जूनमध्ये जानिबेकोव आणि साविनीख यांनी हाताने यान चालवून ते निर्जीव स्थानक गाठले आणि पुन्हा जिवंत केले.

१९८६ मध्ये किझिम आणि सोलोव्योव ही जोडी नव्या 'मीर' स्थानकाची पहिली रहिवासी झाली. मेमध्ये ते मीरहून निघून आपल्या जुन्या घरी, साल्युत-७ वर गेले, सुमारे सात आठवडे राहिले, काही उपकरणे उचलून पुन्हा मीरला परतले. एका स्थानकावरून दुसऱ्यावर जाऊन परत येणे, हे त्यानंतर आजतागायत कोणी केलेले नाही. जुने बिऱ्हाड हलवताना उपयोगी सामान सोबत आणण्याचाच तो प्रकार.

साल्युत-७ ७ फेब्रुवारी १९९१ रोजी वातावरणात शिरले आणि त्याचे तुकडे अर्जेंटिनात पडले. त्याच वर्षाअखेरीस सोव्हिएत संघही उरला नाही.

२०/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट सरळ : राकेश शर्मा १९८७ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रुजू झाले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागात चाचणी वैमानिक होते. ओझरच्या धावपट्टीवरून मिग विमाने तपासत त्यांनी ती वर्षे काढली. अंतराळातले आठ दिवस सर्वांना ठाऊक; नाशिकची पाच वर्षे फार थोड्यांना.

२१/
दुसरी वाट नागपूरला येते. 'टेरा'सारख्या प्रयोगांमागे जी निकड होती, ती भारताची स्वतःचीही होती : आपली जमीन, पाणी, जंगल वरून मोजायचे. उपग्रहचित्रांवरून राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की देशाचे वनाच्छादन १९७२ ते ७५ मधील सुमारे १७ टक्क्यांवरून १९८० ते ८२ पर्यंत सुमारे १४ टक्क्यांवर आले आहे. हा आकडा धक्कादायक होता. चित्रे अमेरिकी उपग्रहाची होती.

भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी वर गेला, आणि गेला तो बैकानूरहूनच, सोव्हिएत अग्निबाणावर. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. अंतराळ विभागाचे प्रादेशिक केंद्रही नागपुरातच आले. साल्युतवरील छायाचित्रे आणि ही केंद्रे यांच्यात सरळ रेघ ओढणे घाईचे होईल. पण काळ एक, निकड एक आणि प्रक्षेपणाची जागाही एकच. लकडगंजात ज्या गडचिरोली-चंद्रपूरकडचा साग घनफुटांनी मोजला जातो, ती जंगलेच त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला चौरस किलोमीटरांनी मोजली जाऊ लागली.

२२/
२६ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोहोचले. शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी अंतराळात गेलेला दुसरा भारतीय नागरिक. त्यांचा मुक्काम १८ दिवसांचा होता. स्थानकावर सात रहिवासी आधीपासून होते. चार पाहुणे मिळून अकरा. १९८४ मध्ये साऱ्या अंतराळात मिळून जेवढी माणसे होती, तेवढी आता एका छताखाली. या वेळीही पंतप्रधानांशी संवाद झाला, या वेळीही देशाने तो कौतुकाने पाहिला आणि या वेळीही त्या सात यजमानांची नावे आपल्याकडे फारशी कोणाच्या तोंडी आली नाहीत.

भारताने स्वतःचे अंतराळस्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे ठरवले आहे. तेथे आपले अंतराळवीर पाहुणे नसतील. विजेरी घेऊन अंधारात शिरणे, श्वासाचे पाणी पिणे, फुटक्या नळीसाठी सहा वेळा बाहेर जाणे आणि हव्या त्या हत्यारासाठी तीन महिने वाट पाहणे, ही सारी कामे त्यांच्या वाट्याला येतील. यान चालवण्याइतकीच ती शिकावी लागतात, आणि त्यासाठी १९८४ च्या नोंदींत राकेश शर्मा यांच्या आठ दिवसांपेक्षा त्यांच्या यजमानांच्या २२९ दिवसांत वाचण्यासारखे अधिक आहे.

२३/
साल्युत-७ ची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५१.६ अंशांनी कललेली होती. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचा कलही तेवढाच आहे, कारण बैकानूरहून सोडलेल्या यानांना ती कक्षा सोयीची पडते. नागपूर २१ अंश उत्तरेला, म्हणजे या पट्ट्याच्या चांगलेच आत. पहाटे किंवा दिवेलागणीला, आभाळ निरभ्र असेल तर, न लुकलुकणारा एक तेजस्वी ठिपका काही मिनिटांत शहरावरून सरकत जातो. नोव्हेंबर २००० पासून तो एकदाही रिकामा गेलेला नाही.

(समाप्त)